औषध थांबल्यानंतरचा त्रास : न ऐकल्या गेलेल्या एका तक्रारीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं मनाच्या औषधांवर कशाला बोलावं? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही. आज इथे कोणाला औषध सुचवणार नाही आणि कोणाचं औषध बंद करा असंही सांगणार नाही. पण आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, आणि या विषयाचा इतिहास वाचताना असं दिसलं की त्याच्या मध्यभागी एक जुनी तार्किक चूक बसलेली आहे. ती चूक साठ-पासष्ट वर्षं पुन्हा पुन्हा झाली, आणि तिची किंमत रुग्णांनी मोजली. आपल्या खानदेशात ती आजही मोजली जाते. म्हणून हे व्याख्यान.

आधी काय घडतं ते पाहू. नैराश्यासाठी, चिंतेसाठी किंवा झोपेसाठी एखादा माणूस दोन-चार वर्षं गोळ्या घेतो. बरं वाटायला लागतं. मग गोळ्या थांबतात. कधी कोणी सांगून, पुष्कळदा न सांगता. दोन-तीन दिवसांत चक्कर येते, मळमळतं, झोप उडते, छातीत धडधडतं, उगीच रडू येतं. कोणाला मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखा होतो. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. काहींचा मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो, थोडा कमी होतो, परत उसळतो. घरचे म्हणतात, ‘आजार उलटला.’ पुष्कळदा डॉक्टरही तेच म्हणतात. गोळी परत सुरू होते, आणि माणूस मनाशी ठरवतो की आता ही जन्माची सोबत.

हे अनुमान दर वेळी चुकीचं असतं असं नाही. पण दर वेळी बरोबरही नसतं. यातला फरक कसा ओळखायचा, आणि तो ओळखायला जगाला इतकी वर्षं का लागली, हा आपला प्रश्न.

आता आपल्या भागापासून सुरुवात करू. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचं ठाणं जळगाव, पश्चिम खानदेशाचं धुळं. त्या काळात मनाचा आजार म्हणजे एकतर घरात कोंडणं, देवस्थानी नेणं, नाहीतर मनोरुग्णालय. महाराष्ट्रात सरकारची मोठी मनोरुग्णालयं चार : नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि पुण्यात येरवडा. यातलं एकही खानदेशात नाही. भुसावळ-जळगावच्या माणसाला निदान मुख्य रेल्वेमार्ग होता. धुळ्याच्या माणसानं आधी चाळीसगावची गाडी धरायची आणि मग पुढे. म्हणजे उपचार घ्यायचा तर गाव सोडायचं आणि नावाला कायमचा डाग लावून घ्यायचा.

हे चित्र बदललं ते गोळ्यांमुळे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोविकारांवर उपयोग दिसला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत नैराश्यावरची, चिंतेवरची औषधं आली. तालुक्याच्या गावात बसून मनाचा इलाज होऊ शकतो, ही गोष्ट केवढी मोठी होती ते आज कळत नाही. कितीतरी लोक त्या गोळ्यांमुळे शेतात, दुकानात, शाळेत परत गेले. आम्ही औषधांच्या विरोधात बोलायला उभे नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.

या इतिहासात आपल्या देशाचा, आपल्या मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधा ही वनस्पती वैद्यांना पूर्वीपासून माहीत होती. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि अमेरिकेत ते मनोरुग्णांना देऊ लागले. पण लवकरच एक विचित्र गोष्ट दिसली. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले. त्यांना मनाचा आजार नव्हता, ते औषध घेत होते रक्तदाबाचं. मनाची अवस्था आजारानं बदलते तशी औषधानंही बदलू शकते, हा धडा तिथे समोर होता. तो औषध सुरू असतानाचा धडा. औषध थांबल्यावरही तसंच काही होतं का, हा पुढचा प्रश्न, आणि तो विचारायला फार थांबावं लागलं नाही.

१९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध म्हणून मांडलं. ते थांबवल्यावर रुग्णांना त्रास होतो, अशी नोंद १९५९ सालीच छापली गेली. म्हणजे दोनच वर्षांत.

१९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड बाजारात आलं. आज अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम या ज्या गोळ्या आपल्या ओळखीच्या आहेत, त्या कुळातली ही पहिली. १९६१ साली अमेरिकेत लिओ हॉलिस्टर यांनी एक प्रयोग केला. अकरा रुग्णांना हे औषध मोठ्या मात्रेत काही महिने दिलं आणि मग त्यांना न सांगता त्याजागी औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी दिली. अकरापैकी दहा जणांना नवी लक्षणं उद्भवली, आणि दोघांना आकडी आली. रुग्णाला न सांगता असं करणं आज कोणी मान्य करणार नाही. पण निष्कर्ष स्पष्ट होता. आपली गोळी बदलली आहे हे ज्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांनाही त्रास झाला. मग हा मनाचा खेळ म्हणता येत नाही.

यावर उत्तर काय दिलं गेलं? की ही मात्रा फार मोठी होती, नेहमीच्या मात्रेत असं होत नाही. या एका समजुतीवर वीस वर्षं गेली. त्या वीस वर्षांत या गोळ्या जगभर घरोघरी पोचल्या. १९८१ साली लंडनमध्ये पेटुर्सन आणि माल्कम लेडर यांनी नेहमीच्याच मात्रेत दीर्घकाळ औषध घेणारे सोळा रुग्ण तपासले. औषध काढल्यावर सोळाच्या सोळा जणांना कमी-अधिक त्रास झाला.

दरम्यानच्या काळात हे रुग्ण बोलत नव्हते का? बोलत होते. त्यांना सांगितलं जायचं, की तुमची मूळ चिंता परत आली आहे.

इथे आम्हाला आमचं जुनं पुस्तक उघडावंसं वाटतं. वैशेषिक सूत्रांत सदोष हेतूचं एक साधं उदाहरण आहे : या प्राण्याला शिंगं आहेत, म्हणून ही गाय. आता खानदेशातलं पोरगंसुद्धा सांगेल की शिंगं म्हशीलाही असतात. अशा हेतूला ‘अनैकान्तिक’ म्हणतात, म्हणजे जो एकाच निष्कर्षाकडे नेत नाही. ‘औषध थांबवल्यावर घाबरायला होतं, झोप लागत नाही, म्हणून आजार परतला’ हे अनुमान त्याच जातीचं आहे. घाबरणं आणि झोप जाणं ही शिंगं झाली. ती आजारालाही आहेत आणि औषध सुटण्यालाही आहेत. गाय की म्हैस, हे ठरवायला आणखी काहीतरी पाहावं लागतं.

काय पाहायचं? तीन गोष्टी. पहिली, वेळ. औषध सुटण्याचा त्रास बहुधा काही दिवसांत सुरू होतो. आजार परतायला बहुधा आठवडे-महिने लागतात. इथे एक सावधानता : फ्लुओक्सेटिनसारखं औषध शरीरातून फार हळू जातं, तेव्हा त्याचा त्रासही उशिरा दिसू शकतो. दुसरी गोष्ट, लक्षणांचा नवेपणा. मूळ आजारात कधीच नव्हते ते विजेचे झटके, चक्कर, मळमळ, अंगावर मुंग्या, कानातला आवाज आता आहेत का? तिसरी, औषध परत दिल्यावर काय होतं. नैराश्य परतलं असेल तर औषधाला आठवडे लागतात. औषध सुटण्याचा त्रास असेल तर पुष्कळदा थोड्याच दिवसांत उतार पडतो. हा अन्वय-व्यतिरेकच आहे : औषध असताना काय, नसताना काय. या कसोट्या अचूक नाहीत, आणि दोन्ही गोष्टी एकत्रही येऊ शकतात. पण काहीच न विचारता निष्कर्ष काढण्यापेक्षा त्या पुष्कळ बऱ्या.

असं होतं का, तेही थोडक्यात सांगतो. औषध रोज येत राहिलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. जू खांद्यावर असलेल्या बैलजोडीतला एक बैल चालता चालता एकदम सोडला, तर दुसऱ्याचा जोर तसाच राहतो आणि गाडी एका अंगाला ओढली जाते. दुसऱ्या बैलाचा त्यात दोष नाही. तो आजपर्यंत ज्या जोडीदाराच्या हिशेबानं ओढत होता, तसाच ओढतोय. त्याला नव्या हिशेबाची सवय व्हायला वेळ लागतो. आणि हा वेळ प्रत्येकाचा वेगळा असतो.

हा वेळ कधी फार लांबतो, हे ज्यांनी चिकाटीनं नोंदवलं त्या इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या प्राध्यापक हेदर ॲश्टन. १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं त्यांनी झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. त्यांची पद्धत साधी होती : रुग्णाचं ऐकायचं, मात्रा अगदी हळूहळू कमी करायची, आणि वेग रुग्णाच्या सोयीनं ठरवायचा. दीर्घकाळ गोळ्या घेतलेल्यांपैकी दहा ते पंधरा टक्के लोकांचा त्रास महिने, क्वचित वर्षंही रेंगाळतो, असा त्यांचा अंदाज होता. तो लाटांसारखा येतो, हेही त्यांनी लिहिलं. चार दिवस बरे जातात, मग दोन दिवस वाईट. ज्याला हे आधी सांगितलेलं असतं, तो वाईट दिवस आल्यावर खचत नाही. ज्याला सांगितलेलं नसतं, तो म्हणतो, संपलं सगळं.

आता नव्या औषधांकडे येऊ. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मंजुरी मिळाली आणि नैराश्यावरच्या औषधांची नवी पिढी आली. ती थांबवतानाही त्रास होतो, हे १९९० च्या दशकात दिसू लागलं. १९९६ साली अमेरिकेत फीनिक्स इथे तज्ज्ञांची बैठक भरली. ती एका औषध कंपनीच्या पैशानं भरली होती, आणि त्या कंपनीचं औषध शरीरातून हळू जाणारं होतं, हेही लक्षात ठेवा. तिथे या त्रासासाठी एक शब्द रुळवला गेला. तो ‘औषध-खंडाची लक्षणं’ अशा अर्थाचा होता. नशा सोडणाऱ्यांसाठी वापरायचा शब्द टाळला गेला. यात एक चांगली बाजू होती, रुग्णाला व्यसनी म्हटलं गेलं नाही. पण शब्द सौम्य झाला तसा त्रासही सौम्य मानला गेला. ‘आठवडाभर होतो, आपोआप जातो’ असं मार्गदर्शिका पुढे कित्येक वर्षं सांगत राहिल्या.

आमच्या मराठीत याची वेगळीच अडचण आहे. आमच्याकडे ‘तलफ’ आहे, ‘व्यसन’ आहे. ‘व्यसन’ या शब्दाचा जुना अर्थ संकट, आपत्ती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यावरच्या व्यसनांचं एक अख्खं अधिकरण आहे. १९८० च्या दशकात गर्द आली, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झालं, आणि ‘टर्की’ हा शब्द मराठीत आला. ते सगळे शब्द नशेचे. डॉक्टरनं लिहून दिलेली गोळी इमानानं घेणाऱ्या, तलफ अजिबात नसलेल्या बाईला औषध सोडताना जो त्रास होतो, त्याला आमच्याकडे रुळलेला शब्दच नाही. अहिराणीत ती एवढंच म्हणते, ‘माले कसतरी होस.’ त्या ‘कसतरी’मध्ये झटका, चक्कर, भीती सगळं कोंबलेलं असतं. ऐकणाऱ्यानं ते उलगडून विचारलं नाही, तर चिठ्ठीवर ‘चिंता’ एवढंच लिहिलं जातं.

धुळे-मालेगाव पट्ट्यात तर आणखी एक भर पडली आहे. अल्प्राझोलामच्या गोळ्या तिथे नशेसाठी विकल्या जातात, त्यांना ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, आणि पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्या येत असतात. कायदा कडक झाला ते योग्यच झालं. मार्च २०१४ पासून अशा औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद मेडिकलवाल्याला ठेवावी लागते. पण त्याच गोळीवर पाच वर्षं असलेली, झोपेसाठी ती घेणारी म्हातारी चिठ्ठी घेऊन दुकानात गेली, की तिच्याकडेही लोक संशयानं बघतात. मग ती जाणंच सोडते. म्हणजे औषध एकदम बंद. या कुळातली औषधं एकदम बंद केली तर आकडी येऊ शकते, हे १९६१ सालीच कळलेलं होतं.

आपल्याकडे औषध एकदम बंद पडण्याची कारणं पुस्तकी नसतात. पट्टी संपली आणि डॉक्टरचा जिल्ह्याला येण्याचा दिवस पुढच्या आठवड्यात. कपाशीचे पैसे यायचेत. मुलीचं लग्न ठरलं आणि सासरी गोळ्या दिसायला नकोत. चैत्रात सप्तशृंगीच्या पायी यात्रेला निघालो आणि डबी घरी राहिली. कोणीतरी म्हणालं, ‘सवय लागेल, टाकून दे.’ पंधरा दिवसांनी तो माणूस बेचैन होऊन परत येतो, आणि सगळे म्हणतात, बघा, गोळी सोडली की हा बिघडतो. गोळी सोडली म्हणून बिघडला की *एकदम* सोडली म्हणून बिघडला, हे कोणी विचारत नाही. गोळी घरापर्यंत आली, पण ती थांबवायची रीत तिच्याबरोबर आली नाही.

ही रीत आता निदान कागदावर तरी आली आहे. २०१९ साली ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं आपली भूमिका बदलली, आणि काही रुग्णांचा हा त्रास तीव्र आणि दीर्घ असू शकतो असं मान्य केलं. त्याच वर्षी मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. सिटॅलोप्राम या औषधाच्या २० मिलिग्रॅम मात्रेचा मेंदूतल्या संबंधित जागांवरचा परिणाम सुमारे ८० टक्के असतो. मात्रा जवळजवळ पावपट, म्हणजे ५.४ मिलिग्रॅम केली, तरी तो ६० टक्के राहतो. दीड मिलिग्रॅमलाही ३० टक्के उरतो. याचा अर्थ असा, की वरून खाली येताना पहिल्या पायऱ्या बुटक्या आहेत आणि शेवटच्या उंच. आपल्याकडच्या जुन्या विहिरीत उतरताना पाणी जवळ आलं म्हणून शेवटच्या पायऱ्यांवर घाई करणारा माणूस घसरतो, तसंच इथे. ‘आता तर अर्धीच गोळी उरली, टाका’ असं म्हणतात, तिथेच खरी उडी असते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हा त्रास सगळ्यांना होत नाही. २०२४ साली एकवीस हजार रुग्णांवरचे अभ्यास एकत्र तपासले गेले. औषध थांबवल्यावर ३१ टक्के लोकांना काहीतरी लक्षणं दिसली, पण नुसती साखरेची गोळी थांबवलेल्या १७ टक्क्यांनाही दिसली. तीव्र त्रास साधारण पस्तिसात एकाला. यातल्या बहुतेक अभ्यासांत लोकांनी औषध थोडेच महिने घेतलं होतं; वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. आणि आजार खरोखर परततोही. २०२१ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दीर्घकाळ औषध घेऊन बरे असलेल्यांपैकी, औषध थांबवलेल्या ५६ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा नैराश्य आलं. औषध चालू ठेवलेल्या ३९ टक्क्यांनाही आलं. दोन्ही आकडे एकत्र वाचा. थांबवण्यात जोखीम आहे, आणि थांबवलेल्यांपैकी ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले, हेही खरं.

मग ज्याला थांबवायचं आहे, किंवा जो या रेंगाळलेल्या त्रासात आत्ताच आहे, त्यानं काय करावं? या इतिहासातून जे निघतं तेवढंच सांगतो.

एक, एकट्यानं आणि एकदम काही करू नका. स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार, आकडीचा पूर्वेतिहास असेल तर अजिबातच नाही. लिथियम एकदम थांबवल्यानं उन्मादाचा झटका लवकर येऊ शकतो. दोन, वेळ निवडा. लग्नाचं घर, कापूस वेचणीची धांदल, परीक्षा, जळगाव-भुसावळचा पंचेचाळीस अंशांचा मे महिना, हे मात्रा कमी करण्याचे दिवस नव्हेत. तीन, वही ठेवा. तारीख, मात्रा, झोप किती, त्रास कोणता, एवढ्या चार रकान्यांची. स्मृतीला वाईट दिवसच आठवतात. वही चांगलेही दाखवते, आणि डॉक्टरसमोर ‘कसतरी होतं’च्या ऐवजी तुमच्या हातात पुरावा असतो. चार, एका वेळी एकच बदल. त्रास दाबायला दारू किंवा दुसऱ्याची झोपेची गोळी घेऊ नका. त्रास फार वाढला तर मागच्या पायरीवर परत जाऊन थांबता येतं. डॉक्टरला तसं विचारा. त्यात हार नाही. पाच, घरातल्या एका तरी माणसाला आधी सांगून ठेवा, की पुढचे काही महिने मी चिडेन, रडेन, ते मनावर घेऊ नका, पण लक्ष ठेवा. आणि आकडी आली, भास होऊ लागले, रात्रीमागून रात्री झोपच नाही किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर वही बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

डॉक्टर मंडळींसाठी एकच आठवण. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २२ रुग्णाला त्याच्या उपचारांची आणि त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क देतं. आणि ती माहिती त्याला कळेल अशा भाषेत द्यायची आहे. धुळ्याला आणि जळगावला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात, औषध सुरू करतानाच ते पुढे कसं थांबवायचं हे सांगणारं एक पानभर पत्रक मराठीत आणि अहिराणीत का असू नये? त्याला ना मोठा खर्च लागतो, ना यंत्र.

न्यायदर्शनात विश्वासू माणसाचा शब्द हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलेलं आहे. आणि असा माणूस म्हणजे केवळ ऋषी नव्हे. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो ती खरेपणानं सांगतो, तो कोणीही असू शकतो, असं भाष्यकार वात्स्यायन म्हणतात. आपल्या शरीरात औषध सुटताना काय होतं, हे रुग्णाइतकं प्रत्यक्ष कोणाला ठाऊक असणार? १९५९ पासून जे लोक सांगत होते ते २०१९ साली मान्य झालं. साठ वर्षं लागली. पुढच्या वेळी कोणी आपल्याला सांगेल, की गोळी थांबवली आणि कसंतरीच होतंय, तेव्हा निष्कर्ष काढण्याआधी आपण दोन प्रश्न विचारू : कधी थांबवली, आणि कशी थांबवली?

 आता तुमचे प्रश्न घेऊ.